कोण रे थंय?

हा आवाज ऐका. पाचोळ्यात काहीतरी हललं. डुक्कर असेल, नायतर माणूस. एप्रिल महिना, देवगडकडची हापूसची कलमं, फळ काढणीला आलेलं, आणि ह्या गडग्याच्या आत खोपीत माझे काका राखणीला असतात, उशाशी बॅटरी आणि खुंटीला बंदूक. बंदुकीचं लायसन शेतीसंरक्षणाचं आहे, म्हणजे ती जनावरापासून पीक वाचवायला दिलेली, पण रात्री दोन वाजता खोपीत एकट्या माणसाला ती कशासाठी दिली हे आठवत बसायला वेळ नसतो, म्हणून काय करायचं ते दिवसाउजेडीच ठरवून ठेवावं लागतं.

समजा तो चोर आहे, पोत्यात आंबे भरतोय. अंगावर काटा येतो, वर्षभराची मेहनत, फवारणीचं कर्ज, सगळं त्या पोत्यात चाललंय. राग खरा आहे. तरी गोळी घालता येत नाही. १ जुलै २०२४ पासून जुन्या दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली, तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. नुसत्या चोरीसाठी चोराला अडवा, धरा, लागेल तेवढा जोर लावा, पण जीव घ्यायचा हक्क नाही. आणि पोतं टाकून तो पळाला की माल परत आला, मग मागून बार काढला तर तो बचाव नाही, सूड झाला.

आता तोच चोर कोयता घेऊन वळला आणि अंगावर आला तर? तिथे सगळं बदलतं. जीव जाईल किंवा जबर दुखापत होईल अशी रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तुमच्या बाजूला उभा राहतो, पहिला घाव बसेपर्यंत थांबा असं तो म्हणत नाही. दर्शन सिंग विरुद्ध पंजाब सरकार या खटल्यात २०१० साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की संकटातल्या माणसाने सोन्याच्या काट्यावर तोलून वार करावा अशी अपेक्षा नसते. गरजेपेक्षा जास्त मात्र नको, ते कलम ३७.

घराचं वेगळं. सूर्यास्तानंतर घर फोडून कोणी आत शिरला तर मालमत्तेसाठीही जीव घेण्यापर्यंतचा हक्क आहे, कलम ४१. पण मला खरी भीती इथेच वाटते. आमच्या वाडीत घरात म्हातारी माणसं, पोरं मुंबईला, आणि गाडी लेट झाली की पुतण्या अपरात्री येऊन कोणाची झोप मोडू नये म्हणून मागीलदारी जातो, कडी हलवतो. आणि कोकणात शिकारीला झाडीत हललं म्हणून बार टाकला आणि आपलाच माणूस गेला, अशा बातम्या येतच असतात, छर्रे नातं बघत नाहीत.

म्हणून काका आधी बॅटरी मारतात आणि ओरडतात, "कोण रे थंय?" हाक मारा असं कुठल्या कलमात लिहिलेलं नाही, पण उत्तर काय येतं त्यावरून काकांना कळतं की समोर माणूस कोण आहे, कोयता आहे का, पळतोय का. फोनवर ११२ लावून ठेवतात.

मागच्या वर्षी उत्तर आलं नाही, नुसती धावायची पावलं आली. बंदूक खुंटीलाच राहिली. सकाळी गडग्यापाशी पोतं सापडलं, निम्मे आंबे डागी झालेले, उरलेले काकूने पेंढ्यात घातले.