साडेचारची बस

समोर पोरं बसलीत, मागं आई-वडील उभे आहेत. मला दोघांशीही बोलायचंय.

'पटवणे' हा शब्द घ्या. मुद्दा पटवून देताना समोरच्याला 'नाही पटलं' म्हणायची मोकळीक असते. सिनेमातल्या 'पोरगी पटवण्यात' ती नसते. तो कॉलेजच्या गेटवर उभा, बसमागं त्याची गाडी, देवळाच्या पायरीवरही तोच. ती तीनदा नको म्हणते, चौथ्यांदा हसते आणि गाणं सुरू होतं.

मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, बरीच वर्षं शिकवलं. बेळगावजवळच्या खानापूरकडच्या एका खेड्यातून एक मुलगी यायची. पहिला बाक, वह्यांना जुन्या कॅलेंडरची कव्हरं. अचानक ती शेवटचा तास बुडवायला लागली. विचारलं, तर म्हणाली, "साडेचारच्या बसला तो असतोय, मॅडम. म्हणून साडेतीनची पकडते." घरी सांगितलंस का? "सांगितलं तर कॉलेज बंद करतील." ती गप्प राहिली. आणि तो मित्रांना सांगत होता, काही बोलत नाही, म्हणजे तिच्या मनात आहे. मौन म्हणजे संमती, हे तर आपणच त्याला शिकवलंय.

शेवटी कुणीतरी तिच्या घरी सांगितलंच. कॉलेज बंद झालं, मे महिन्यात लग्न झालं. तो मुलगा मात्र वर्षभर माझ्याच वर्गात बसत होता. मी तिच्या घरी जायला हवं होतं. गेले नाही. ते अजून टोचतं.

२०१३ साली 'रांझणा' हा हिंदी सिनेमा आला. त्यातला नायक नकार मिळाला की मनगट कापून घेतो. प्रकरण घरी कळल्यावर तिची रवानगी अलीगढला होते, पण आपण रडतो ते बनारसमध्ये मागं राहिलेल्या त्याच्यासाठी. तिचं काय झालं, हे विचारायचं कुणाला सुचत नाही. त्याच वर्षी आपल्या देशात पाठलाग हा स्वतंत्र गुन्हा ठरला. आज ते भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ आहे. तिनं स्पष्ट नकार दिल्यावरही पुन्हापुन्हा मागं लागलात, तर पहिल्याच वेळी तीन वर्षांपर्यंत कैद. मुलगी अठराच्या आतली असेल, आणि पीयूसीतल्या बहुतेक असतातच, तर पोक्सो, म्हणजे अल्पवयीन मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून जपणारा कायदा, तोही लागू शकतो.

'सिनेमा बघून कुणी बिघडत नाही' असं म्हणणाऱ्यांनी हे ऐका. २०१५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला एका भारतीय सुरक्षारक्षकावर दोन बायकांचा पाठलाग केल्याचा खटला चालला. त्याच्या वकिलानं बचावात हिंदी सिनेमाच पुढं केला. तो चांगल्या वर्तणुकीच्या अटीवर सुटला. त्या दोघींच्या जागी आपल्या घरातली मुलगी आहे असं समजून बघा.

२०२३ च्या जूनपासून आपल्याकडं कर्नाटकात बायकांना सरकारी बस फुकट झाली. तिकिटाच्या पैशांपायी घरी बसणाऱ्या पोरी आता कॉलेजला निघाल्यात. मागं उभ्या असलेल्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पोरगी घरी येऊन असं काही बोलली तर तिची बस बंद करू नका. त्या पोराच्या घरी जा. एकट्यानं जमत नसेल तर मला बोलवा, मी येते. मराठीत 'नको' म्हणू दे की कानडीत 'ब्याड', आपल्या भागातल्या कंडक्टरला दोन्ही कळतं. पोरांनो, तुम्हालाही कळतं.

आता प्रश्न विचारा. पोरींनी आधी.