ट्रायल पिट, क्युरिंग आणि एक दाढ

(सांगलीतील एका ज्येष्ठ नागरिक संघाच्या मासिक सभेत झालेले व्याख्यान, किरकोळ संपादनासह)

मंडळी, बाहेर फळ्यावर खडूनं लिहिलंय, ‘दंतरोपण : खर्च आणि प्रक्रिया’. ते वाचून डॉक्टर येणार असं वाटून जे आले असतील त्यांनी मला माफ करावं. मी सार्वजनिक बांधकाम खात्यात 34 वर्षं काढली. मोऱ्या बांधल्या, पूल बांधले, दोन विश्रामगृहं बांधली. त्यातल्या एकाचं छप्पर गळतं, ते कोण बोललं ते मी ऐकलंय. आणि गेल्या वर्षी स्वतःच्या तोंडात एक बांधकाम करून घेतलं. आज बोलायचा अधिकार तेवढाच.

अध्यक्षांनी 40 मिनिटं दिली आहेत. त्यात खर्चही सांगायचा आहे आणि प्रक्रियाही. पण आधी माझ्या दाढेची हकीकत सांगतो, थोडक्यात. हसू नका, खरंच थोडक्यात.

खालची उजवीकडची मोठी दाढ. तिचं रूट कॅनल झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता कॅप बसवून घ्या, दात ठिसूळ होतो. मी विचारलं किती, ते म्हणाले 4 हजार. मी मनात म्हटलं, दुखायचं थांबलंय, आता टोपी कशाला? डोक्यावर घालत नाही, दातावर कशाला घालू? ही बचत पुढे किती रुपयांना पडली ते सांगतोच. दोन वर्षांनी भडंग खाताना कुरमुऱ्यातून एक खडा आला. शेंगदाण्यासारखाच दिसायचा. कड्‌ असा आवाज झाला, आणि दाढ उभी चिरली. मुळापर्यंत. सांगलीकराला भडंगानं दगा द्यावा, यासारखं दुःख नाही.

दाढ काढावी लागली. काढतानाच डॉक्टर म्हणाले होते, तीन-चार महिन्यांत या, इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू रोवून त्यावर दात बसवण्याचं बघू. त्या वर्षी धाकटीचं लग्न होतं. मग नातू झाला. मग आंब्याचे दिवस. असे करत 14 महिने गेले. मी डावीकडून जेवत होतो, तक्रार काही नव्हती. शेवटी डावीकडचीही एक दाढ हलायला लागली, तेव्हा आमच्या घरातून हुकूम सुटला.

या वेळी दुसऱ्या एका दवाखान्यात गेलो. नाव सांगणार नाही, विचारू नका. छान दवाखाना, एसी, पाण्यात मासे. डॉक्टर वयानं माझ्या मुलाएवढे, तोंडात आरसा घातला, बघितलं, म्हणाले, “काका, होऊन जाईल.” मी विचारलं, “किती?” म्हणाले, “28.” मी म्हटलं, “28 हजार, एका दाताचे?” म्हणाले, “हो काका, स्क्रूचे.” आता बघा, त्यांनी स्क्रूचे म्हणून सांगितलं होतं. मी दाताचे असं ऐकलं. 34 वर्षं ठेकेदारांकडून शब्दाशब्दाचा हिशेब घेतलेला माणूस मी, आणि खुर्चीत आडवा झाल्यावर, तोंड उघडं आणि डोळ्यावर दिवा असताना, ‘बरं’ म्हणून बसलो. 10 हजार आगाऊ भरलेसुद्धा. पावती घेतली, तेवढं भान होतं.

मग सुरू झाले एक्स्ट्रा आयटम. खात्यातली माणसं इथं दोन-तीन दिसताहेत, त्यांना हा शब्द ऐकून घाम फुटला असेल. आधी सीबीसीटी, म्हणजे जबड्याचा त्रिमिती स्कॅन, अडीच हजार. स्कॅन बघून डॉक्टर म्हणाले, काका, हाड कमी झालंय, भर घालावी लागेल, बोन ग्राफ्ट आणि त्यावर पडदा, 14 हजार. मी गप्प. पुढे स्क्रूवर एक जोड येतो, त्याला अबटमेंट म्हणतात, तो 6 हजार. त्यावर झिर्कोनियाची कॅप, 9 हजार. औषधं आणि टाके मिळून दीड हजार. बेरीज करा. मी घरी येऊन तीनदा केली. 61 हजार. 28 चं काम 61 वर गेलं. आमच्या खात्यात असं झालं असतं तर विधानसभेत प्रश्न लागला असता.

मी तणतणत गेलो. सगळे कागद घेऊन गेलो. डॉक्टर बिचारे शांत होते, म्हणाले, “काका, मी खोटं बोललो का?” नव्हते बोलले. घरी आल्यावर सौ. म्हणाल्या, “अहो, हाड कमी कुणामुळे झालं? चौदा महिने कोण बसलं होतं?” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. दात काढल्यावर त्या जागेचं हाड झिजायला लागतं. पहिल्या वर्षात रुंदी जवळपास निम्मी होऊ शकते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच. दात नाही तर काम नाही, काम नाही तर हाड राहत नाही. म्हणजे त्या 14 हजारांतले निदान अर्धे मी लग्नाच्या आणि आंब्याच्या खात्यावर टाकायला हवेत.

पण उरलेल्या अर्ध्यांबद्दल माझं भांडण कायम आहे, आणि मुळात तेच सांगायला मी आज आलोय. स्कॅन आधी आणि आकडा मागून, हा क्रम हवा होता. झालं उलटं. पायाची जमीन कशी आहे हे बघायला आपण ट्रायल पिट घेतो. खड्डा मारून बघितल्याशिवाय कुणी पुलाचं इस्टिमेट करतं का? मुरूम लागतो की काळी माती, यावर सगळा खर्च ठरतो. जबड्यातही तेच. सीबीसीटी हा ट्रायल पिट. हाड किती उंच, किती रुंद, खालच्या जबड्यातून जाणारी नस किती अंतरावर, वरच्या बाजूला असेल तर सायनसची पोकळी किती खाली आली आहे, हे त्यात दिसतं. त्या नसेला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो, म्हणजे हा पैशापुरता मामला नाही. तेव्हा ‘एका दाताचे किती’ हा प्रश्नच विचारू नका. घर किती, असं कुणी विचारतं का?

एक मिनिट घेतो, कारण ही गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. हे सगळं सुरू झालं एका सशापासून. स्वीडनमध्ये पेर-इंगवार ब्रोनेमार्क नावाचे संशोधक होते. 1952 च्या सुमारास ते लुंड इथं सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं एक बारीक यंत्र बसवून रक्त कसं वाहतं ते बघत होते. प्रयोग संपला. यंत्र महागाचं, म्हणून परत काढायला गेले, तर निघेना. हाडानं टायटॅनियम आपलं म्हणून धरून ठेवलं होतं. कुणी दुसरा असता तर शिव्या देऊन नवं यंत्र मागवलं असतं. या माणसानं उलटा विचार केला. 1965 मध्ये यॉस्टा लार्सन नावाच्या रुग्णाच्या जबड्यात त्यांनी पहिल्यांदा असे स्क्रू बसवले. लार्सन 2006 मध्ये वारले तेव्हाही ते जागेवर होते. चाळीस वर्षांवर झाली की! मी बांधलेल्या मोऱ्यांपैकी किती... असो. आणि बाकीच्या दंतवैद्यांनी हे मानायला 1982 ची टोरोंटोची परिषद उजाडावी लागली. सरकारी मंजुरीला वेळ लागतो म्हणून आपण उगाच कुरकुरतो.

अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत. 31 मिनिटं झाली? बरं. प्रक्रिया.

आधी तपासणी, स्कॅन, तीन महिन्यांची साखर. मग जागा बधिर करून हिरडी उघडतात आणि हाडाला भोक पाडतात. ड्रिल हळू फिरवतात आणि वरून गार सलाईन सोडत राहतात, कारण हाड 47 अंशांपर्यंत मिनिटभर तापलं तरी मरू शकतं. मग स्क्रू. बहुतेकदा साडेतीन ते पाच मिलिमीटर जाड, आठ ते तेरा लांब. टॉर्क मोजायचा पाना असतो, नटबोल्टसारखाच. मला दुखलं नाही, फक्त कडकड आवाज डोक्यात घुमला. नंतर दोन दिवस गाल सुजला. मग क्युरिंग, म्हणजे हाडानं स्क्रू पक्का धरेपर्यंत थांबणं! खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या जबड्यात हाड मऊ म्हणून चार ते सहा, भर घातली असेल तर आणखी. स्लॅबवर पाणी मारायचं सोडून तिसऱ्या दिवशी टेकू काढणारे ठेकेदार मी पाहिलेत. काही ठिकाणी त्याच दिवशी दात लावून देतात. ते चुकीचं नाही, पण हाड चांगलं आणि स्क्रू घट्ट असेल तिथंच, आणि तो दात तात्पुरता असतो. क्युरिंग झाल्यावर जोड, मग माप, मग कॅप. माझे सगळे मिळून सात महिने गेले.

खर्च. मी सांगली, मिरज आणि पुण्यात मिळून सहा ठिकाणी चौकशी केली. एका दाताचं सगळं धरून 30 हजारांच्या खाली कुणी आलं नाही, 80 च्या वर कुणी गेलं नाही. फरक कशानं पडतो? स्क्रू कुठल्या कंपनीचा यानं. स्विस माल महाग, कोरियन मध्यम, देशी स्वस्त. पण स्वस्त म्हणून वाईट असं नाही. दहा वर्षांनी त्या स्क्रूचा जोड बाजारात मिळेल का, हे विचारा. खोक्यावर लॉट नंबरचं स्टिकर असतं, ते मागून घ्या आणि फाइलला चिकटवा, उद्या पुण्यात मुलाकडे असताना कॅप ढिली झाली तर तिथल्या डॉक्टरला तेच लागेल. पैसे कमी असतील तर मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगरला सरकारी दंत महाविद्यालयं आहेत. तिथं खर्च कमी पडतो, फेऱ्या जास्त होतात. मेडिक्लेममध्ये हे सहसा बसत नाही, अपघात सोडून. आणि ज्या ज्येष्ठांचा आरोग्य विमाच नाही त्यांना जुन्या करपद्धतीत वैद्यकीय खर्चाची 50 हजारांपर्यंत वजावट मिळते, पण पैसे रोख दिलेले नसावेत. 61 हजार मी चेकनं दिले, ती एकच हुशारी या प्रकरणात माझी.

कुणी करू नये? घाईत सांगतो, पण हे ऐकाच. साखर ताब्यात नसेल तर आधी ती आणा. तंबाखू, विडी, आणि मिश्री... हो काकू, मिश्रीसुद्धा तंबाखूच. हाडं ठिसूळ झाली म्हणून आठवड्याची गोळी किंवा वर्षातून एकदाचं सलाईन चालू असेल तर ते दंतवैद्याला सांगितल्याशिवाय दात काढूनही घेऊ नका, जबड्याची जखम भरत नाही असं होऊ शकतं. रक्त पातळ करायची गोळी स्वतःच्या मनानं बंद करायची नाही, हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं.

ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधारानं मधला दात बसवणं, हा पर्याय आहे, पण त्यासाठी शेजारचे दोन धडके दात घासावे लागतात. शेजारच्यांवर आधीच कॅप असेल तर मात्र ब्रिज बरा. आणि ज्यांची खालची कवळी बोलताना उडते, मागच्या रांगेतले दोघं एकमेकांकडे बघताहेत, त्यांनी पूर्ण जबड्याच्या काही लाखांच्या गोष्टीनं घाबरू नये. खाली दोनच इम्प्लांट घालून त्यावर टिचबटणासारखी कवळी अडकवतात. कॅनडात मॅकगिल विद्यापीठात 2002 मध्ये जमलेल्या तज्ज्ञांनी खालच्या बिनदाती जबड्यासाठी तीच पहिली निवड म्हणून सांगितली. पैशाच्या मानानं सुख सर्वांत जास्त त्यातच.

देखभाल राहिली. इम्प्लांट किडत नाही, पण त्याच्या भोवतीची हिरडी आणि हाड बिघडतं, आणि ते दुखत नाही म्हणून कळत नाही. बारीक ब्रश रोज घाला, सहा महिन्यांनी दाखवा.

उठतो, उठतो. शेवटचं. मी इस्टिमेटचा एक कोरा तक्ता केलाय. तपासणी, स्कॅन, दात काढणे, भर, पडदा, स्क्रू कंपनीसह, जोड, कॅप कशाची, तात्पुरता दात, आणि स्क्रू हाडानं धरला नाही तर दुसऱ्यांदा बसवायचे पैसे कुणाचे. हा शेवटचा रकाना मी तीन डॉक्टरांना दाखवला. दोघांनी लगेच भरून दिला, एकानं चहा मागवला. डॉक्टरांकडे जाताना तक्ता न्या, खुर्चीत आडवं व्हायच्या आधी भरून घ्या, नंतर तोंड उघडं असतं. वीसच झेरॉक्स आणल्यात, एका घरात एकच घ्या. आणि बाहेर चहाबरोबर भडंग ठेवलंय असं कळलं. मी सकाळी स्वतः निवडून दिलंय, तरी उजवीकडून जपून खा.