२५० मुलांत शेवटचा

(दृश्य: टेबलाच्या वर भिंतीवर एक फ्रेम. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

केंब्रिजमधल्या एका शास्त्रज्ञाच्या टेबलावर ही फ्रेम लटकलेली असायची. आत पदवी नाही, पदक घेतानाचा फोटो नाही. शाळेतला शेरा आहे. साल १९४९, शाळा इंग्लंडमधली नावाजलेली खासगी शाळा ईटन, विषय जीवशास्त्र.

मास्तरांचं म्हणणं थोडक्यात असं: या मुलाला म्हणे शास्त्रज्ञ व्हायचंय. सध्याची गत पाहता हे हास्यास्पद आहे. त्याचाही वेळ फुकट, शिकवणाऱ्याचाही. एका लेखी कामात ५० पैकी २ गुण. २५० मुलांत शेवटचा नंबर.

मुलाचं नाव जॉन गर्डन. बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातल्या पेशीचं केंद्रक त्यांनी अंड्यात घातलं आणि त्यातून नवा बेडूक वाढवला. २०१२ साली शिन्या यामानाका यांच्यासोबत त्यांना वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

गोष्ट इथे थांबवली की ऐकायला फार छान वाटते. फॉरवर्ड होते तीही इतकीच. पण पुढे काय झालं?

त्या शेऱ्यानंतर शाळेत त्यांचं विज्ञान सुटलं. लॅटिन आणि ग्रीक शिकावं लागलं. ऑक्सफर्डला अर्जही त्याच विषयांसाठी केला. तिथे सांगण्यात आलं, प्रवेश देतो, पण ज्या विषयाची परीक्षा दिलीस तो सोडून दुसरा घे! प्राणिशास्त्र घ्यायचं तर पाया कच्चा. मग आईवडिलांनी वर्षभर खासगी शिकवणी लावली.

गुणांनी लावलेलं दार उघडलं खरं, पण घरच्या पैशाने. ‘मार्कांचं काय एवढं’ असं बिनधास्त म्हणणाऱ्याच्या पाठीशी बऱ्याचदा असं एखादं घर उभं असतं.

(दृश्य: रिकामा वर्ग. एकेक जण येऊन बसतो.)

आता ज्यांच्या पाठीशी असं घर नाही, त्यांच्याकडे वळू. शिकागोच्या सरकारी शाळांतून २००६ ते २००९ या काळात बाहेर पडलेल्या सुमारे ५५ हजार मुलांचा अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. प्रश्न सरळ होता: कॉलेज पुरं कोण करतं? एकीकडे हायस्कूलच्या ग्रेडची सरासरी, दुसरीकडे एसीटी ही काही तासांची प्रवेशचाचणी. ग्रेडचं वजन चाचणीच्या पाचपट भरलं. खरं तर ग्रेडची मोजपट्टी शाळेगणिक बदलते. एका मास्तरांचा हात सढळ, दुसरे अर्ध्या गुणासाठी कुरकुरणारे. तरीही.

कारण ग्रेडमध्ये बारीकसारीक गोष्टी साठत जातात. वेळेवर दिलेली वही. न आवडणाऱ्या तासालाही लावलेली हजेरी. नापास झाल्यावर पुन्हा त्याच धड्याशी बसणं. चाचणीला एका दिवसाची चमक पुरते, ग्रेडला कंटाळवाणे मंगळवारही लागतात. कॉलेजात असेच मंगळवार भरपूर असतात.

आणि पुढे? मायामी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अमेरिकेतली आकडेवारी मांडली. हायस्कूलची सरासरी एका अंकाने, म्हणजे ‘बी’वरून ‘ए’वर गेलेली असेल, तर पुढची वार्षिक कमाई पुरुषांची साधारण १२ टक्के आणि स्त्रियांची १४ टक्के जास्त. तिशी-चाळिशीत शाळेची गुणपत्रिका सहसा कुणी मागत नाही, हे खरंच. पण कुठल्या कॉलेजात, कुठल्या विषयाला बसलात, हे तिने आधीच ठरवून टाकलेलं असतं.

(दृश्य: ऑगस्ट २०२०, इंग्लंड. हातात फलक घेतलेली मुलं.)

पण गुण नेहमी त्या मुलाचंच काम मोजतात असंही नाही. कोविडच्या साथीमुळे ए लेव्हलची, म्हणजे विद्यापीठ प्रवेश जिच्यावर ठरतो ती शाळेची शेवटची परीक्षा रद्द. शिक्षकांनी अंदाजाने ग्रेड दिल्या. त्या एका गणिती सूत्रात घातल्या गेल्या. सूत्रात शाळेचे मागचे निकालही धरले होते. १३ ऑगस्टला पाहतात तो काय, जवळपास ४० टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली! ज्या शाळेचे निकाल वर्षानुवर्षं बेताचे, तिथल्या हुशार मुलीला तिच्या आधीच्या मुलांचं ओझं वाहावं लागलं. चार दिवसांत सूत्र मागे घेतलं, पण तोवर कित्येकांच्या हातची विद्यापीठातली जागा गेली होती.

(दृश्य: पुन्हा ती फ्रेम.)

गर्डन यांनी तो शेरा फाडून टाकला नाही. प्रयोग फसला, आणि प्रयोग फसतातच, की ते त्याकडे बघायचे. नोबेल मिळालं तेव्हाही हसत सांगायचे, मास्तरांचं बरोबरही असेल, कुणी सांगावं.