सिलमध्ये घुसलेला जॅक

(इंग्लंडातल्या आमच्या मंडळाच्या रविवारच्या कार्यक्रमात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

विषय काय, असं कार्यकारिणीनं विचारलं तेव्हा मी 'एमजीबी' म्हणालो. फोनवर क्षणभर शांतता, मग प्रश्न आला, "ही कुठली तपासणी?" म्हणून आधी ओळख करून देतो. एमजीबी म्हणजे १९६२ ते १९८० या काळात ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला बनलेली स्पोर्ट्स कार. छपराची जीटी धरून पाच लाखांवर गाड्या निघाल्या, त्यामुळे इंग्लंडात आजही त्या भरपूर दिसतात आणि सुटे भाग सहज मिळतात. इंजिन १७९८ सीसीचं. बॉनेट उघडलं की सगळं समोर दिसतं, सगळ्याला हात पोचतो. दुरुस्तीला अगदी सोपी. आणि तिचा धोका तिथेच आहे, कारण सोपी म्हणून आपण गाफील राहतो.

माझीच गोष्ट सांगतो. गाडी घरी आली त्याच्या पुढच्या रविवारी चाक काढायला बसलो. गाडीचा रंग असा, की त्यात तोंड पाहून घ्यावं. दाराखालच्या सिलला, म्हणजे तिथल्या लांब पोकळ पत्र्याच्या पट्टीला, जॅक लावला, दांडा हलवू लागलो. जॅक वर चाललाय, गाडी मात्र जागची हलत नाही. वाकून बघतो तर जॅकचं डोकं पत्र्यात शिरलेलं, भाजलेल्या पापडात बोट जावं तसं. आत सगळा गंज, वर पुट्टी आणि त्यावर तो झकास रंग! आतून बायकोनं विचारलं, "अहो, कसला आवाज झाला?" मी म्हटलं, "काही नाही." चाक काढून गाडीखाली शिरलो असतो तर हे उत्तर द्यायला मी नसतो.

या गाडीला वेगळी चासी नाही. सगळा भार बॉडीच पेलते, आणि उघड्या गाडीला छप्पर नसल्यामुळे दोन बाजूंच्या सिल म्हणजे तिचा कणा. सिलमध्ये पत्र्याचे थर असतात. बाहेरचा तेवढा बदलून आतले कुजके तसेच ठेवलेल्या गाड्या मी पाहिल्यात. गाडी घेताना खिशात फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक ठेवा. जिथे ते चिकटत नाही तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे. आणि गाडी जॅकवर असताना दार नीट लागत नसेल, तर कणा वाकतोय असं समजा. जॅक उचलण्यापुरता, खाली जायचं ते स्टँड लावून, गाडी ढकलून बघून मगच.

आता वीज. लुकास म्हणजे या गाड्यांचं विजेचं सामान बनवणारी कंपनी. तिच्या वायरिंगवर इथे इतके विनोद आहेत की विचारू नका. माझा अनुभव असा, की बहुतेक वेळा दोष काळ्या पडलेल्या अर्थच्या, म्हणजे वायर जिथे बॉडीला जोडतात त्या, जोडाचा असतो. जोड काढून सँडपेपरनं घासला की दिवे लागतात. १९६७ पर्यंतच्या गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या, म्हणजे बॅटरीचं अधिक टोक बॉडीला जोडलेलं. आजचा रेडिओ विचार न करता जोडलात तर धूर निघेल.

पेट्रोलच्या बाबतीत कान उघडे ठेवायचे. किल्ली फिरवली की मागून एसयू कंपनीचा पेट्रोल पंप टकटक करतो आणि कार्बोरेटर भरले की थांबतो. मला तो आवाज फार आवडतो, पण तो थांबला नाही तर पेट्रोल कुठेतरी वाहतंय किंवा टाकीत ते संपलंय. तेव्हा किल्ली बंद करायची आणि आधी वास घ्यायचा. सप्टेंबर २०२१ पासून इथलं साधं पेट्रोल ई-१० झालं, म्हणजे दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेलं. त्यातलं इथेनॉल जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून मी सगळ्या नळ्या बदलल्या आणि कमी इथेनॉलचं ई-५ भरतो. महाग पडतं, पण आग त्याहून महाग.

ब्रेकबद्दल जरा कडक बोलतो. सुरुवातीच्या गाड्यांत ब्रेकचं सर्किट एकच. एक नळी फुटली की चारही चाकांचे ब्रेक गेले. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते दर दोन वर्षांनी बदला. जुने ब्रेक शू काढताना धूळ फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्यानं पुसा.

शेवटी एक प्रश्न आला होता: चाळीस वर्षांवरच्या गाडीला एमओटी, म्हणजे इथली गाडीच्या सुरक्षिततेची वार्षिक तपासणी, लागत नाही, मग करायची कशाला? २०१८ पासून बहुतेक अशा गाड्यांना सूट आहे, खरंय. पण गाडी रस्त्यावर चालवण्याच्या लायकीची ठेवायची जबाबदारी मालकाचीच. मी दर वर्षी स्वतःहून करून घेतो, कारण तिथला माणूस हातोडी घेऊन सिलखाली जातो आणि त्याला माझ्या रंगाचं काही कौतुक नसतं.

गाडी बाहेर उभी आहे. चहा झाला की पंप ऐकवतो. दार जरा हळू लावा.