कमी धक्क्याची काडतुसं : डब्यावरचे दोन आकडे

[दृश्य: दुकानाची फळी, १२ गेजच्या काडतुसांचे डबे. कॅमेरा सरकत छपाईजवळ येतो.]

अमेरिकेत घराच्या संरक्षणासाठी शॉटगन बाळगणारा माणूस काडतुसं घ्यायला गेला की 'लो रिकॉइल', 'रिड्यूस्ड रिकॉइल', 'मॅनेज्ड रिकॉइल' असे शब्द ठळक अक्षरांत दिसतात. या शब्दांमागे कुठलंही ठरलेलं माप नाही. एका कंपनीचं 'लो' दुसरीच्या 'लो'पेक्षा चांगलंच जोरकस निघू शकतं. म्हणून ठळक अक्षरं सोडा, बारीक छपाईतले दोन आकडे बघा : आत छर्रे किती आणि नळीतून सुटताना वेग किती. तिसरी गोष्ट तुमच्या हातातच असते, ती म्हणजे बंदुकीचं वजन.

या कामासाठी सर्रास वापरतात तो 'डबल ऑट' छर्रा. व्यास ८.४ मिलिमीटर, वजन साधारण साडेतीन ग्रॅम. बारा बोअर (म्हणजेच १२ गेज) वापरणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या मंडळींना 'एस. जी.' म्हटलं की जो छर्रा आठवतो, तो जवळजवळ याच मापाचा.

पावणेतीन इंची, पूर्ण ताकदीच्या काडतुसात असे नऊ छर्रे असतात आणि वेग असतो सेकंदाला १,३२५ फूट. फेडरल या कंपनीच्या कमी धक्क्याच्या काडतुसातही छर्रे नऊच, पण वेग १,१४५ फूट. म्हणजे वेग घटला जेमतेम १४ टक्के. खांद्याला मात्र फरक याहून मोठा जाणवतो. सात पौंडांची बंदूक धरून, वॉड (काडतुसात छर्रे धरणारी वाटी) आणि दारूचं वजन मिळवून हिशेब केला, तर पूर्ण ताकदीच्या काडतुसाचा धक्का येतो ३५ ज्यूलच्या आसपास. कमी धक्क्याचे नऊ छर्रे २५ ज्यूल. त्याच वेगाचे आठ छर्रे, २० ज्यूल. धक्क्याची ऊर्जा वेग आणि वजन यांच्या गुणाकाराच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे वेगात आणि वजनात थोडी काटछाट केली तरी खांद्यावर ती भरपूर उतरते.

हाच नियम उलटाही लागतो. तेच २५ ज्यूलचं काडतूस सहा पौंडी बंदुकीत घातलं की आकडा २९वर जातो. हलकी बंदूक घेऊन मग सौम्य काडतूस शोधणं म्हणजे एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने काढून घेणं. २० गेजच्या (१२हून अरुंद नळीच्या) बाबतीत नेमकं हेच घडतं : माल कमी, पण बंदूकही हलकी.

[दृश्य: जेलेटिनचा ठोकळा, शेजारी मोजपट्टी]

मंदावलेला छर्रा पुरेसा खोल जातो का, ही शंका रास्त आहे. एका छर्ऱ्याची ऊर्जा २८५ ज्यूलवरून २१० पर्यंत खाली येते. १९८६ साली मायामीत झालेल्या चकमकीनंतर एफबीआयने गोळ्यांसाठी जी कसोटी पक्की केली, ती जेलेटिनमध्ये (मांसाऐवजी चाचणीला वापरतात तो ठोकळा) किमान १२ आणि कमाल १८ इंच शिरण्याची. कमी वेगाचा डबल ऑट १२ इंचांची पायरी आरामात ओलांडतो. अमेरिकेतल्या पोलिसांनीही ही काडतुसं स्वीकारली. पक्ष्यांच्या शिकारीचे बारीक छर्रे, म्हणजे बर्डशॉट, मात्र या कसोटीला उतरत नाही, धक्का कितीही हलका असो.

याचीच दुसरी बाजू अनेकजण विसरतात. अमेरिकन घरातली आतली भिंत म्हणजे लाकडी सांगाड्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचाचा जिप्समचा पत्रा. कमी धक्क्याचे छर्रेसुद्धा अशा एकापाठोपाठ कित्येक भिंती पार करतात. धक्का कमी झाला म्हणून पलीकडच्या खोलीतलं मूल सुरक्षित झालं, असं मुळीच नाही. आवाजही फारसा कमी होत नाही.

[दृश्य: मैदान, पांढरा कागद लावलेली चौकट]

फैलाव हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि तो डब्यावर लिहिलेला नसतो. फेडरलचा 'फ्लाइटकंट्रोल' वॉड छर्ऱ्यांना जास्त अंतरापर्यंत एकत्र धरून ठेवतो. त्याची ब्रेक लावणारी पानं मागच्या बाजूला उघडतात. साध्या वॉडमधून छर्रे नळीबाहेर पडताच पांगू लागतात. नऊ छर्रे तीन-तीनच्या तीन थरांत बसतात, आठ छर्रे दोन-दोनच्या चार थरांत. नऊवाल्या काडतुसात एखादा छर्रा झुंडीबाहेर भरकटल्याची तक्रार जुनी आहे, म्हणून पुष्कळ जाणकार आठवालं पसंत करतात. आमचाही कौल आठलाच : धक्काही कमी, भरकटणंही कमी.

पण तुमच्या नळीतून काय होतं ते कागदच सांगेल. घरातलं सर्वांत लांब सरळ अंतर मोजा. मैदानावर तेवढ्याच अंतरावर कागद लावा आणि प्रत्येक काडतुसासाठी नवा कागद घेत पाच बार काढा. बाहेरच्या दोन भोकांमधलं अंतर लिहा. झुंडीचा मध्य माशीच्या (नळीच्या टोकावरच्या नेमाच्या खुणेच्या) रोखापासून किती सरकला तेही लिहा. पाचांतल्या सर्वांत वाईट कागदावर निवड करा, सरासरीवर नाही.

[दृश्य: सेमी-ऑटोचा बोल्ट, संथ गतीत]

सेमी-ऑटो, म्हणजे पुढचं काडतूस आपोआप भरणाऱ्या, बंदुकीला चालायला धक्का किंवा वायूचा दाब लागतोच, तेव्हा सौम्य काडतूस तिथे अडू शकतं. बोल्ट (काडतूस भरणारा, मागेपुढे सरकणारा भाग) पुरता मागे येत नाही, रिकामं काडतूस बाहेर पडायच्या खिडकीत अडकतं किंवा पुढचं वर चढत नाही. जडत्वावर चालणाऱ्या बंदुकीला टॉर्च आणि जादा काडतुसांचा पट्टा लावला की वजन वाढतं आणि अडचण आणखी वाढते. दस्ता खांद्यात सैल धरला तरी तेच. वायूवर चालणारीत भोकांत काजळी साठलेली असते, किंवा नव्या स्प्रिंगा ताठ असतात. बेनेली एम३मध्ये पंप (हाताने सरकवून काडतूस भरणं) आणि सेमी-ऑटो असे दोन्ही मार्ग ठेवलेत ते यासाठीच : कमजोर काडतूस असलं की हाताने पंप करा. घरात ठेवायची तशीच, सगळी जोडणी लावून, किमान २५ बार काढा. एकही अडलं तर ते काडतूस त्या बंदुकीसाठी बाद.

रेमिंग्टन ८७० किंवा मॉसबर्ग ५०० सारख्या पंपाला हा त्रास नाही. तिथे चूक माणसाची होते, पंप पुरता मागे न ओढण्याची.

पावणेदोन इंची छोटी काडतुसं, उदाहरणार्थ अगिलाचं मिनीशेल, धक्क्याला खरोखर हलकी. पण बहुतेक पंप बंदुकांत ती वर चढताना उलटतात. मॉसबर्ग ५९०एस त्यांच्यासाठीच घडवली आहे. तशी बंदूक नसेल तर सरावापुरती ठेवा.

घरात १२ आणि २० गेज दोन्ही असतील, तर २०ची पिवळी काडतुसं वेगळ्या कपाटात कुलपात. २०चं काडतूस १२च्या नळीत पुढे घसरून अडकतं, मागून १२चं भरलं जातं आणि नळी फुटते.

मॅगझिनमध्ये महिनोन् महिने दाबून ठेवलेल्या काडतुसांची प्लास्टिकची तोंडं चेपतात. ती अधूनमधून काढून बघा, चेपलेली सरावात संपवा. डब्यावरचा लॉट नंबर वहीत टिपून ठेवा. नवा लॉट आणला की पहिले दोन बार पुन्हा कागदावर.