नगरच्या मिशन बंगल्यातील मुले

(दृश्य: मुंबई बंदर, पहाटेची वेळ)

१८२५ साली मार्गारेट हॉल आपल्या दोन लहान मुलांना घेऊन मुंबईहून अमेरिकेला जाणाऱ्या जहाजावर चढल्या. मुलाला इथली हवा सोसत नव्हती आणि मायदेशाची थंड हवा हाच एक उपाय उरला होता. पती, अमेरिकन मिशनरी गॉर्डन हॉल, मागे राहिले. फेब्रुवारी १८१३ मध्ये ते मुंबईत उतरले, तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीने त्यांना देश सोडण्याचा हुकूम दिला होता. महत्प्रयासाने मिळालेली राहण्याची परवानगी आणि त्यानंतर उभे केलेले काम सोडून जाण्यास त्यांचे मन धजले नाही. त्या प्रवासात दोन मुलांपैकी एक दगावला. पुढच्याच वर्षी मार्चमध्ये, नाशिककडच्या दौऱ्यावर पटकीच्या रोग्यांना औषध देत फिरणाऱ्या हॉल यांना त्याच रोगाने गाठले आणि अवघ्या काही तासांत त्यांचा मृत्यू झाला. ही बातमी समुद्रापलीकडे पत्नीच्या हाती पडेपर्यंत कित्येक महिने लोटले असणार.

बॉस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने चालविलेल्या मराठी मिशनची ही सुरुवात होय. या मिशनच्या शाळा, १८४२ साली सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक, दवाखाने आणि दुष्काळातील मदतकार्य यांविषयी बरेच लिहिले गेले आहे. ते काम करणाऱ्यांच्या घरात मात्र त्या काळी काय चालले होते, हे पाहण्यासाठी आपल्याला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, मिशन बंगल्यांच्या मागच्या ओसरीवर जावे लागते.

(दृश्य: जुना कौलारू बंगला, मागची ओसरी, चिंचेचे झाड)

या ओसरीवर मुलांचा दिवस आयेच्या कडेवर सुरू होई. तिच्या तोंडची अंगाई, तिच्या गोष्टी, खेळातली भांडणे, हे सारे मराठीत. आईवडील जी भाषा पंडितांपुढे बसून, व्याकरणाशी झुंजत शिकत, ती त्यांच्या मुलांच्या जिभेवर आपसूक रुळे. आईला मात्र मुलांचे इंग्रजी कच्चे राहील, ही काळजी लागलेली असे. हिवाळ्यात सारे कुटुंब बैलगाडीत राहुट्या आणि भांडीकुंडी घालून खेडोपाडी दौऱ्यावर निघे, आणि उन्हाळा असह्य झाला की महाबळेश्वर गाठी. माझ्या मते, त्या मुलांच्या आयुष्यातील सर्वांत भरलेली वर्षे हीच होत. कारण ती संपण्याची वेळ घरातल्या प्रत्येकाला आधीपासून ठाऊक असे.

मूल शाळेच्या वयाचे झाले की त्याला अमेरिकेला धाडायचे, असा रिवाज पडला होता. मूल मग आजोळी, नातेवाइकांकडे किंवा एखाद्या वसतिगृहात राही. मॅसॅच्युसेट्समधील ऑबर्नडेल येथे १८६८ साली खास मिशनऱ्यांच्या मुलांसाठी असे एक घर सुरू झाले, यावरून अशा मुलांची संख्या ध्यानात येते. सुएझचा कालवा १८६९ साली खुला होण्यापूर्वी केप ऑफ गुड होपला वळसा घालून येणाऱ्या शिडाच्या जहाजाला चार-चार महिने लागत. आईने मुलाला अंगरखा शिवून पाठवावा, तर तो पोहोचेपर्यंत आखूड व्हावा, इतके हे अंतर होते.

ह्यूम घराण्याची कहाणी या सगळ्या काळाला व्यापून राहते. रॉबर्ट विल्सन ह्यूम आणि त्यांच्या पत्नी हॅना १८३९ साली मुंबईत आले. पुढे रॉबर्ट यांची प्रकृती ढासळली आणि १८५४ साली सारे कुटुंब अमेरिकेला निघाले. परंतु केपजवळ जहाजावरच त्यांचा अंत झाला. हॅना यांनी मुलांना घेऊन पुढचा प्रवास पुरा केला आणि त्यांना एकटीने वाढवले. भायखळ्याला जन्मलेला त्यांचा मुलगा रॉबर्ट ॲलन तेव्हा सात वर्षांचा होता. वीस वर्षांनी, १८७४ मध्ये, तो स्वतः मिशनरी होऊन नगरला परतला आणि त्याचा धाकटा भाऊ एडवर्ड मुंबईत शाळा चालवू लागला. ज्या आईने नवरा समुद्राच्या स्वाधीन केला होता, तिचे दोन्ही मुलगे त्याच वाटेने निघाले. त्या वेळी तिच्या मनात काय आले असेल, या प्रश्नापाशी मी आजही थबकतो.

(दृश्य: घाटातली आगगाडी, मग पळणीच्या डोंगरातील धुके)

१९०१ साली दक्षिणेतील पळणीच्या डोंगरात, कोडाईकनाल येथे अमेरिकन मिशनऱ्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा काढली आणि ताटातूट वर्षांवरून महिन्यांवर आली. नगर जिल्ह्यातील मुलेही आगगाडीने मद्रास इलाख्यात जात आणि पुढे घाट चढत. शाळेची मोठी सुट्टी थंडीत असे, तेव्हा मुले घरी येत. आणि कडक उन्हाळ्यात मुलांच्या माता डोंगरावर येऊन घर थाटत, तेवढे दिवस मुले वसतिगृह सोडून आईपाशी राहत. याच डोंगरातील एका पक्ष्याच्या शास्त्रीय नावात ‘फेअरबँकी’ हा शब्द आहे. तो नेवासे तालुक्यातील वडाळ्याला अनेक वर्षे राहिलेल्या सॅम्युअल फेअरबँक या पक्षिवेड्या मिशनऱ्याची आठवण जपतो.

या घरांनी परक्या मुलांनाही जागा दिली. १८९९-१९०० च्या छप्पनच्या दुष्काळात मदतीच्या वाटपाची मोठी जबाबदारी रॉबर्ट ॲलन ह्यूम यांच्यावर होती आणि त्या कामासाठी १९०१ साली त्यांना ब्रिटिश सरकारचे कैसर-ए-हिंद सुवर्णपदक मिळाले. त्या वर्षांत मिशनच्या आवारांत पोरक्या मुलांची रीघ लागली. आपली पोटची मुले हजारो मैलांवर दुसऱ्याच्या पंक्तीला जेवत असताना मिशनऱ्यांच्या बायका इथे अनाथ मुलांना पेज भरवत, त्यांचे केस विंचरत आणि त्यांना धुळाक्षरे शिकवत. पदकाच्या नोंदीत त्यांचे हे कष्ट कुठे येत नाहीत, याची मला खंत वाटते.

(दृश्य: नगरमधील जुन्या दवाखान्याची इमारत)

रॉबर्ट ॲलन यांची मुलगी रूथ अमेरिकेत वैद्यकीचे शिक्षण घेऊन विसाव्या शतकाच्या आरंभी नगरला आली आणि इथल्या बायकांवर व मुलांवर उपचार करू लागली. परदेशातील कामगिरीवर रुजू होणारी डॉक्टर, अशी तिची नोंद बॉस्टनच्या कागदांत झाली असेल. दाराशी बसलेल्या बायकांना मात्र ती त्यांच्याच बोलीत विचारू शकत होती, “कुठं दुखतंय?”