चुकलेली एन्ट्री

नमस्कार मंडळी, जेवणं झाली असतील, भांडी राहिली असतील तर राहू द्या, थोडा वेळ इकडे कान द्या. आज एका गाण्याची गोष्ट सांगतो. 'अंडर द ब्रिज', बँड रेड हॉट चिली पेपर्स, गाव लॉस एंजलीस. ज्यांनी नव्वदच्या दशकात केबलवर एमटीव्ही बघितलाय त्यांना सुरुवातीची गिटार दोन सेकंद ऐकली तरी कळेल.

हा बँड म्हणजे नुसता धिंगाणा हो. उघड्या अंगाने स्टेजवर उड्या, आरडाओरडा, फंक. आणि आतून हेरॉइन. गायक अँथनी कीडिस आणि गिटारिस्ट हिलेल स्लोव्हाक, शाळेपासूनचे दोस्त, दोघंही त्यात अडकलेले. जून १९८८ मध्ये हिलेल ओव्हरडोसने गेला, वय फक्त २६. कीडिस मित्राच्या अंत्यविधीलाही थांबला नाही, मेक्सिकोला पळाला, पण परत आला आणि व्यसन सोडलं.

आता व्यसन सुटलं म्हणजे सगळं झालं असं आपल्याला वाटतं, पण संध्याकाळी करायचं काय हे कोणी सांगत नाही. नव्या अल्बमची तालीम चालू होती, बँडमधले दोघं गांजा ओढून खुशीत, हा एकटा कोरडा, त्यामुळे बाजूला पडलेला. घरी गाडी चालवत जाताना त्याला वाटलं, आपल्याला कोणी नाही, हे शहरच काय ते सोबतीला आहे. आणि आठवला तो पूल, ज्याच्याखाली तो कधीकाळी ड्रग्ज घ्यायला जायचा. तेच त्याने वहीत लिहून ठेवलं. गाणं नाही बरं का, कविता. परत सांगतो, गाणं नव्हतं ते, कविता होती, आणि कोणाला दाखवायचीच नव्हती.

प्रोड्युसर रिक रुबिनने वही चाळताना ती बघितली, म्हणाला हे बँडला दाखव. हा म्हणतो, छे, फार मवाळ आहे, आपलं नाही हे. शेवटी लाजत लाजत म्हणून दाखवलं, तर बाकीचे उठले आणि सरळ आपापल्या वाद्यांकडे गेले. १९९१ च्या अल्बममध्ये गाणं आलं.

आता ज्याच्यासाठी आज बसलोय तो किस्सा. अल्बममधलं 'गिव्ह इट अवे' गाजलं होतं, आता पुढचं सिंगल, म्हणजे अल्बममधून वेगळं काढायचं गाणं, कोणतं हे ठरत नव्हतं. म्हणून त्यांच्या रेकॉर्ड कंपनीची, वॉर्नरची माणसं कॉन्सर्टला आली, ऐकून ठरवू म्हणे. म्हणजे बघा, परीक्षकच समोर बसलेत. हिलेलनंतर आलेला गिटारिस्ट जॉन फ्रुशिआंते, त्याने गिटारवर सुरुवात केली, ती हळू, टपटप पाणी पडावं तशी, आणि कीडिसची एन्ट्री चुकली. जिथे गायला सुरू करायचं तिथे हा गप्प! आता मी आमच्या गणपतीत एकदा दुसरं कडवं विसरलो होतो तर पब्लिकने शिट्ट्या मारल्या, एक काका तर उठून बटाटेवडे बघायला गेले, त्यामुळे पोटात काय गोळा येतो ते मला माहितीये. पण तिकडे झालं काय, गायक गप्प आणि अख्खं पब्लिक गायला लागलं. पहिल्या शब्दापासून. गायक गप्प, पब्लिक गातंय! (आजची कॉन्सर्ट असती तर सगळे मोबाईल वर धरून शूटिंग करत बसले असते, गायलं कोणी नसतं, हे माझं स्पष्ट मत आहे, राग आला तर येऊ दे.)

शो संपल्यावर कीडिस शरमेने मेलेला. कंपनीच्या लोकांकडे जाऊन माफी मागतोय की तुमच्यासमोरच घोळ घातला मी. तर ते म्हणाले, घोळ कसला, शोमधला एकूण एक पोरगा जे गाणं गातो तेच आपलं पुढचं सिंगल! मार्च १९९२ मध्ये निघालं आणि अमेरिकेत बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दोन नंबरला गेलं. जे 'आपलं नाही' म्हणत होता ना, तेच.

फ्रुशिआंतेचं मात्र वाईट झालं. इतकी प्रसिद्धी त्याला झेपेना, त्याच वर्षी मे महिन्यात जपानच्या दौऱ्यात बँड सोडला आणि पुढे स्वतःच हेरॉइनमध्ये बुडाला. सावरून परत यायला १९९८ उजाडलं. त्याच १९९८ मध्ये ऑल सेंट्स या मुलींच्या बँडने हे गाणं परत गायलं, इंग्लंडात एक नंबरला नेलं, पण ड्रग्जचं शेवटचं कडवं गाळून! म्हणजे भाजीतून मीठच काढलं की.

चला, गाणं लावतोय. अगदी शेवटी मागे जो कोरस येतो ना, त्यात फ्रुशिआंतेची आई आणि तिच्या मैत्रिणी गातायत. आवाज जरा वाढवा.